तांब्यातला पाला

आमच्या घरात संडास बांधून कितीतरी वर्षं झाली होती, तरी आत्याबाई रोज तांब्या घेऊन शेताकडे निघायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आता तांब्या घेऊन निघालेल्या बाईला ‘कुठं निघाल्या?’ असं कोणी विचारत नाही. कोणी सोबत जात नाही, आणि समोरून येणारा माणूस मान वळवून जातो. मी हिंगोलीच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, निरीक्षण करा, निरीक्षण करा म्हणून पोरांचं डोकं खाते, आणि घरातला हा तांब्या माझ्या लक्षात यायला लग्नानंतर बरीच वर्षं जावी लागली. लक्षात आलं तेही गरज पडली म्हणून, तेव्हा आधी ती गरज सांगते.

मला पीएचडी करायची होती. हौस कमी आणि धाक जास्त, कारण पदवी नसेल तर नोकरीचा भरवसा नाही असं कॉलेजात उठता-बसता ऐकवलं जायचं. विषय मात्र मला मनापासून आवडला होता. सिल्व्हर नायट्रेट म्हणजे पाण्यात विरघळणारं चांदीचं मीठ. त्याच्या पाण्यात झाडाच्या पानांचा काढा थेंबथेंब सोडला, की पानातली द्रव्यं त्या मिठातून चांदी मोकळी करतात. मोकळी झालेली चांदी लखलखत वगैरे नाही. तिचे कण इतके बारीक, की कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. फक्त पाण्याचा रंग बदलतो, आधी पिवळसर आणि मग कोऱ्या चहासारखा तपकिरी. हे कण जंतू मारतात, म्हणून जखमेच्या पट्टीत आणि मलमात त्यांचा उपयोग करायला लोक धडपडत असतात. घातक रसायनांचं काम झाडाकडून करून घ्यायचं, म्हणून हिला हिरवी पद्धत म्हणतात.

घोडं अडलं होतं झाडापाशी. आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, ज्यावर कोणी काम केलेलं नाही असं झाड आणा. मी कडुनिंब म्हटलं, सर म्हणाले झालाय. तुळस म्हटलं, झालीय. कोरफड, शेवगा, पेरू, कढीपत्ता, सगळ्यांचा काढा कोणी ना कोणी आधीच करून बसलं होतं. हळदीच्या मुलखातली बाई म्हणून मी मोठ्या ऐटीत हळदीचं पान घेऊन गेले, तर सर माझ्याकडे पाहून दया आल्यासारखे हसले. समितीपुढे विषय मांडायचा दिवस जवळ येत चालला होता. नवीन झाड, त्याचं शास्त्रीय नाव आणि वनस्पतिशास्त्राच्या मॅडमची सही, एवढं हातात नसलं तर नोंदणी होणार नव्हती. रागाच्या भरात मी एकदा स्टाफरूममधल्या चहाची भुकटीच सिल्व्हर नायट्रेटला पाजली. रंग छान आला. सर म्हणाले, चहाही झालाय.

आणि माझ्या स्वतःच्या घरात असं एक झाड वापरात होतं, ज्याचं नाव गावात एकाच माणसाला माहीत होतं.

आमचं गाव हिंगोलीहून औंढ्याला जाताना जरा आत आहे. सगळीकडे हळद. हळदीचा पाला कापायच्या दिवसांत विळ्यानं बोट कापलं नाही असा माणूस गावात सापडायचा नाही, आणि पुढे खणायला लागले की कुदळीचे घाव. असा कोणी जखमी झाला, की तो आमच्या दारात येऊन ओट्यावर बसायचा. शेजारच्या तांड्यावरूनही बायका यायच्या. आत्याबाई आत जाऊन दार लावून पाट्यावर कसला तरी पाला वाटायच्या, त्याची हिरवी गोळी जखमेवर ठेवून स्वच्छ फडकं बांधायच्या आणि तीन दिवस पाणी लावू नको म्हणून दम द्यायच्या. जखम पाल्यानं भरायची की त्या दमानं, हे मला आजही सांगता येणार नाही. पण माणसं यायची.

या पाल्याला नियम होते. पैसा घ्यायचा नाही. कोणाला परत पाठवायचं नाही. माणूस ओट्यावर आला की हातातलं काम टाकायचं, जेवत असलं तर ताटावरून उठायचं. आणि पाल्याचं नाव कोणाला सांगायचं नाही. हळदीच्या दिवसांत आत्याबाई एका बैठकीत जेवल्याचं मी कधी पाहिलं नाही. दोन घास खाल्ले की बाहेरून हाक यायची, परत येईपर्यंत भाकरीची चामडी झालेली असायची. एवढी सुगरण बाई, पण वांग्याला हात लावायची नाही. आम्हाला करून घालायची, वाढायची, आणि स्वतः मात्र ‘मला न्हाई चालत’ म्हणून वरणावर भागवायची. मी आपलं समजून चालले होते, की खाज सुटत असेल.

तर समितीचा दिवस तोंडावर आला तेव्हा माझं डोकं त्या पाल्याकडे वळलं, आणि तांब्याचं कोडं सुटलं. परसात संडास असताना ही बाई उन्हातान्हाची शेताकडे का जाते? शिवाय जाताना तांब्यातलं पाणी हिंदकळत नसे आणि येताना तांब्यावर पदर झाकलेला असे. दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागोमाग निघाले. बांधाच्या आडून, वाकून, चपला हातात घेऊन, म्हणजे चोरासारखीच. ओढ्यापाशी गेल्यावर आत्याबाई एकदम वळल्या.

“काहून मागं मागं येऊन राहिलीस गं? घरी संडास हाय ना?”

“तो तुमच्यासाठी बी हाय ना, आत्याबाई?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तांब्याकडे पाहिलं, आणि चक्क पदर सावरून बाभळीमागे बसल्या. आता सून कितीही संशोधक असली तरी सासू बाभळीमागे बसल्यावर तिनं काय करावं? मी लाजेनं लाल होऊन परत आले. मागून त्या कितीतरी वेळानं आल्या, तांब्यावर पदर तसाच.

मग मी चोरटी मांजर झाले. पाट्यावर वाटून झालं की त्या पाटा धुवायला घ्यायच्या, त्याच्या आधी मी दोनदा पाटा खरवडून डबीत भरला आणि कॉलेजात नेला. माझी बोटं तेव्हा कायम काळी असायची, कारण सिल्व्हर नायट्रेट कातडीला लागलं की उजेडात काळं पडतं आणि आठवडाभर जात नाही. आत्याबाई त्यावरून टोमणा मारायच्या, “चांदी करती म्हणती आन् हात तं कोळशावानी.” त्यांनी गावात सांगून टाकलं होतं, की आमची सून पाल्याची चांदी करती. त्याचा परिणाम असा, की एक मावशी पिशवीभर घाणेरीचा पाला तोडून घेऊन आली, आणि जास्त नको, निदान जोडव्यांपुरती तरी करून दे, म्हणून बसून राहिली. तिला चहा पाजून परत पाठवताना माझ्या नाकी नऊ आले.

पाटा खरवडून आणलेल्या वाटणाचा मी काढा केला, गाळला, चांदीच्या पाण्यात सोडला. असा काही सुंदर रंग आला म्हणून सांगू! जंतू वाढवलेल्या काचेच्या ताटलीत त्याचा थेंब टाकला, तर भोवती स्वच्छ गोल वर्तुळ पडलं, म्हणजे तेवढ्या जागेतले जंतू साफ. मी हवेत होते. उरलेलं वाटण घेऊन वनस्पतिशास्त्राच्या मॅडमकडे धावले. मॅडमनी ते सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, मग नाकाशी नेलं, मग मला विचारलं,

“ही चटणी आहे का?”

“नाही हो, औषधी वनस्पती आहे. दुर्मीळ.”

“यात मेथी आहे. आणि कोथिंबीर. आणि मला वाटतं, थोडा लसूण.”

मी घरी आले तेव्हा आत्याबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. माझं तोंड पाहून त्यांना सगळं कळलं. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट हललं, आणि शेवटी त्या शेंगांचं सूप बाजूला ठेवून मोठ्यानं हसत सुटल्या. दोन दिवस त्या खास माझ्यासाठी पाटा खरकटा ठेवत होत्या.

मला रडायला आलं. खरंच आलं, त्यात खोटं काही नाही. मी म्हटलं, हसा तुम्ही. आठ दिवसांत मला झाडाचं नाव द्यायचंय. नाही दिलं तर नोंदणी जाईल आणि मागोमाग नोकरी जाईल, मग बसते तुमच्याबरोबर शेंगा फोडत. आत्याबाईंचं हसू थांबलं. त्यांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. मग म्हणाल्या,

“नाव पायजे तं पाला बी घ्यावा लागल.”

“म्हणजे?”

“ज्याच्या कानात नाव सांगितलं त्यानं पुढं पाला द्यायचा. म्या मंग हात बी लावायचा न्हाई. तसंच हाय ते.” आणि जरा थांबून, “मला आता बराबर दिसत न्हाई गं. परवा दुसराच पाला तोडून आणला व्हता. वाटताना वास आला म्हणून कळलं. एखाद्या लेकराच्या जखमेवर गेला असता म्हंजी?”

हे मला अजिबात माहीत नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन करू म्हटलं की त्या टाळायच्या, कारण ऑपरेशन म्हणजे काही दिवस झोपून राहणं, आणि मग ओट्यावर आलेल्याचं काय? थोरल्या जाऊबाईंना त्यांनी पूर्वी विचारलं होतं, त्या ‘नको बाई’ म्हणून पुण्याला गेल्या. लेकी आपापल्या सासरी. माझ्याकडे त्यांनी कधी शब्द टाकला नव्हता, कारण मी शिकलेली.

“मला काहून न्हाई सांगितलं मग?”

“तू कधी इचारलंस? तांब्याच्या मागं आलीस तवा वाटलं, हां, हिला नड हाय. जो मागं लागत न्हाई त्याला सांगून काय उपेग?”

“सांगा. घेते मी पाला.”

“पथ्य बी हाय.”

“पाळते.”

“काय हाय ते तरी इचार.”

“नाव मिळतंय ना, मग पथ्याचं काय घेऊन बसलात!”

यावर त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जसं दात न बघता बैल घेणाऱ्याकडे बाजारात पाहतात. आणि शेंगा फोडायला लागल्या.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी मसाल्याची वांगी केली. शेंगदाणे, खोबरं, काळा मसाला, वर तेलाचा तवंग. मला वाढून झाल्यावर पुन्हा वाढली, आणि मी नको म्हणताना आणखी एक वांगं ताटात टाकलं. “खाऊन घे पोरी, पोटभर खाऊन घे.” मला भरून आलं. सासूची माया म्हणतात ती हीच, असं मी नवऱ्याला हळूच म्हटलंही. तो खाली मान घालून जेवत राहिला. त्याला सगळं ठाऊक होतं, हे मला नंतर कळलं, आणि त्याचा हिशेब मी वेगळा केला.

रविवारी दिवस उगवायला आत्याबाई मला ओढ्याकाठी घेऊन गेल्या. बाभळीच्या जरा पुढे, बांधाच्या सावलीला, ज्यावर मी कितीदा पाय देऊन गेले असेन, असं एक झुडूप. त्यांनी माझा कान पकडून स्वतःकडे ओढला आणि बारशाला आत्या बाळाच्या कानात सांगते तसं त्या झाडाचं नाव सांगितलं. वर ‘कुर्रर्र’ केलं आणि पाठीत एक धपाटा घातला. बारशाला धपाटे आत्याच्या पाठीत बसतात, पण नियम त्यांचे होते, मी काय बोलणार. मग तांब्या माझ्या हातात दिला.

फुलासकट फांदी मी मॅडमकडे नेली. नाव सांगायची मला बंदी होती, म्हणून नुसती पुढे ठेवली आणि तोंड मिटून उभी राहिले. मॅडमनी ती उलटसुलट केली, पुस्तक काढलं, दुसरं पुस्तक काढलं, आणि शेवटी स्वतःच लॅटिन नाव उच्चारून सही केली. माझ्या तोंडून अक्षर गेलं नाही, म्हणजे नियमही शाबूत राहिला. सरांनी शोधलं, या झाडावर चांदीचं काम कोणी केलेलं त्यांना सापडलं नाही. रंग आला, वर्तुळ पडलं. मेथीच्या वर्तुळापेक्षा मोठं होतं, पण थोडंच. हे मी घरी सांगितलेलं नाही. आणि ताटलीतला जंतू मेला म्हणजे माणसाची जखम भरली असं होत नसतं, त्याला अजून फार काम लागेल, हे मी समितीला स्वतःहून सांगितलं. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, ही वनस्पती तुम्हाला कशी सापडली? मी म्हटलं, क्षेत्रभेटीत. तांब्याचा उल्लेख केला नाही.

नोंदणी झाली. मी बस स्टँडवरून पेढे घेतले आणि घरी आले, तर गल्लीच्या तोंडापासूनच वास. चुलीवर वांगं भाजल्याचा. त्या आठवड्यात आमच्याकडे नुसता दोडका आणि भोपळा शिजत होता, त्यामुळे तो वास एकदम पोटात शिरला. आत्याबाई चुलीपुढे बसल्या होत्या. वांग्याची जळकी साल काढून त्यांनी ते कुस्करलं, त्यात ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घातली, वर कच्चं तेल. बाजूला ज्वारीची भाकर. मी हातपाय धुऊन ताट घेऊन बसले आणि भरताकडे हात नेला, तर त्यांनी मनगटावर फटका मारला.

“तुला न्हाई आता.”

“का?”

“पथ्य. पाला देणाऱ्यानं वांगं खायचं न्हाई. पुढच्याच्या कानात नाव सांगस्तोवर.”

मला एवढा राग आला, की पेढ्यांचा पुडा भिंतीवर फेकायचा तेवढा बाकी ठेवला. वांगं! आमच्या भागात माणसाला घरदार सोडायला सांगा, पण वांगं सोडायला सांगू नका. मी म्हटलं, वांग्याचा आणि पाल्याचा संबंध काय? कुठे सिद्ध झालंय?

“मला काय म्हायीत? मला सांगितलं तसं तुला सांगितलं.”

“आधी सांगायचं ना!”

“सांगितलं असतं तं घेतला असता का पाला?”

“नसता घेतला!”

“मंग?” त्या शांतपणे म्हणाल्या. “मला बी माझ्या सासूनं असंच फशिवलं. आदल्या दिशी चार वांगी खाऊ घातली. तवा ह्यो पोटात व्हता.” आणि त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. नवऱ्याच्या डोक्यावर आता विरळ केस आहेत.

मी त्याच्याकडे पाहिलं. हा एवढा मोठा माणूस जन्माला यायच्या आधीपासून या बाईनं वांगं तोंडात घातलं नव्हतं, आणि दर हिवाळ्यात आम्हाला मात्र भरीत करून वाढलं होतं. मीठ-तिखटसुद्धा अंदाजानं, चव न घेता. माझा राग गेला असं नाही म्हणणार. तो आजही, थंडीत शेजारी वांगं भाजलं की, येतो. पण त्या क्षणी मला तिची फार माया वाटली.

आत्याबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, भरीत उचललं आणि तोंडात घातलं. आम्ही दोघं बघत होतो. त्यांनी सावकाश चावलं, डोळे बारीक केले, पुन्हा चावलं.

“मीठ कमी पडलं,” त्या म्हणाल्या. मग लेकाकडे वळून, “एवढे दिस असंच खात व्हता का रे तुमी? सांगायचं न्हाई का?” आणि दुसरा घास घेतला.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. ओट्यावर तांड्यावरची एक बाई होती, तळहाताला विळा लागलेला, पदर गुंडाळून धरलेला. सवयीनं आत्याबाईंनी जमिनीला हात टेकला, अर्धवट उठल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. त्या पुन्हा खाली बसल्या, मांडी नीट घातली, ताट जवळ ओढलं आणि माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवली.

मी उठले. ताटात भाकर होती, पेढा होता, भुकेनं पोट ओरडत होतं. पाल्याच्या नियमांत मी माझा एक घातला आहे, त्याप्रमाणे बाईला विचारलं, “मावशी, आधी सांगा, दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का?” घेतलं होतं. मग मी तांब्या उचलला आणि ओढ्याकडे निघाले. समोरून शेजारचे काका येत होते, त्यांनी तांब्या पाहिला आणि मान वळवून निघून गेले.

आता माझा प्रबंध छापून, बांधून विद्यापीठाच्या कपाटात आहे. त्यात पाल्याचं नाव पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे. आत्याबाईंनी काळजीनं विचारलं होतं, की लोकांनी वाचलं म्हंजी? मी त्यांना सांगितलं, त्या कपाटाइतकी सुरक्षित जागा अख्ख्या मराठवाड्यात नाही. तुम्हाला नाव हवं असेल तर तिथे जा. माझ्या तोंडून हवं असेल तर जरूर आमच्याकडे या, मी आनंदानं कानात सांगेन. येण्याच्या आदल्या दिवशी मात्र वांगी पोटभर खाऊन घ्या.

नोंदणीच्या त्या संध्याकाळी पाला घेऊन परत आले तेव्हा तांब्यावर पदर होता, आणि दारातूनच मला आत्याबाईंचा आवाज ऐकू आला. त्या अजून जेवत होत्या, त्याच बैठकीला.

“अर्धी भाकर वाढ रे बाबा अजून,” त्या लेकाला म्हणत होत्या. “गरम हाय तवर.”